बंद गच्ची आणि गहाळ चार पानं

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

जुना फ्लॅट घेताना काय काय बघावं, याची यादी मध्यंतरी आपल्या पुरवणीत आली होती. सर्च रिपोर्ट, सोसायटीचा ना हरकत दाखला, मिळकत कराची थकबाकी, वीजबिल. यादी चांगली होती, आमच्या घरात तिचं कात्रण काढून ठेवलंय. फक्त एक कागद त्यात नव्हता: मूळ करारनाम्याला जोडलेला मजल्याचा नकाशा. तो न बघता मी सही केली असती तर पाच लाखांना बुडालो असतो, म्हणून हे पत्र.

मी वीज खात्यात ३२ वर्षं वायरमन होतो. निवृत्तीनंतर धनकवडीतली दीड खोली विकली आणि सिंहगड रस्त्याच्या बाजूला जुना फ्लॅट शोधायला लागलो. थोडं कर्ज मुलाच्या नावावर, बाकी माझी पुंजी. चार महिन्यांत सतरा फ्लॅट बघितले, आणि मंजूर नकाशाबाहेरचं बांधकाम किती तऱ्हेचं असतं त्याचं शिक्षण फुकटात झालं. एका तळमजल्याच्या फ्लॅटची बेडरूम थेट कंपाउंडच्या भिंतीला टेकलेली. इमारतीच्या बाजूला सोडायची मोकळी जागा, म्हणजे साइड मार्जिन, कुठे गेली विचारलं, तर एजंट म्हणाला, "काका, खोली मोठी मिळतेय, मार्जिन घेऊन काय करणार?" दुसरीकडे डक्टवर, म्हणजे पाइपांसाठी सोडलेल्या उघड्या पोकळीवर, स्लॅब टाकून धुणं धुवायची जागा केलेली. तिसऱ्याने खालच्या पार्किंगला शटर लावलं होतं आणि 'स्टोअर रूम' म्हणून त्याचे वेगळे तीन लाख सांगितले. स्टिल्ट पार्किंग, म्हणजे इमारतीखाली खांबांमधली गाड्यांची जागा, बिल्डरला सुटं विकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० सालीच सांगितलंय. पण शटर लागलं की पार्किंगची खोली होते, असा आपल्याकडे समज आहे.

अठरावा फ्लॅट घरच्यांना पसंत पडला. २००३-०४ ची इमारत, दुसरा मजला, जाहिरातीत 'अडीच बीएचके, साडेआठशे फूट, पेपर क्लिअर'. भाव फुटाला आठ हजार, म्हणजे ६८ लाख. हॉलला लागून एक छोटी खोली होती, तीन बाजूंना सरकत्या खिडक्या, भरपूर उजेड. घरात सगळ्यांनी ती मनातल्या मनात माझ्या नावावर केली होती. रेडिओ तिथे, पलंग तिथे.

नातू बरोबर होता. मोठी माणसं भावाचं बोलत होती तेव्हा त्याने खिशातली गोटी फरशीवर सोडली. हॉलमध्ये ती जरा रेंगाळली, छोट्या खोलीत शिरल्यावर तिने वेग घेतला आणि सोफ्याखालच्या कोपऱ्यात जाऊन थांबली. ती काढायला मी गुडघ्यांवर बसलो. कोपऱ्यात भिंतीच्या पायथ्याशी चार इंचाचं गोल भोक होतं, सिमेंटने बुजवलेलं, वरून पांढरा रंग मारलेला. खोलीच्या फरशीला कुणी उतार देत नाही, आणि पावसाचं पाणी जायला खोलीत कुणी भोक ठेवत नाही. मग नजर गेली ती वायरिंगवर. अख्ख्या घरात कन्सील, म्हणजे भिंतीच्या आतून, या एका खोलीत केसिंग-कॅपिंग, म्हणजे भिंतीवरून पट्टीतून नेलेलं, नंतर केलेलं काम. वर पीओपी होतं, छत्रीच्या टोकाने टोकलं तर मागे पत्रा वाजला.

ती गच्ची होती. त्या काळी फ्लॅटला लागून उघडी गच्ची द्यायची पद्धत होती, कारण ती चटईक्षेत्रात, म्हणजे प्लॉटवर जेवढं बांधायची परवानगी असते त्यात, मोजत नसत. वर आकाश उघडं, या अटीवरच तिला सूट होती. लोकांनी आधी जाळी लावली, मग पत्रा टाकला, मग खिडक्या आल्या, मग एसी. मला हे सांगायचा काही नैतिक अधिकार आहे असं नाही. रविवारच्या खाजगी कामांत अशा किती बंद गच्च्यांत मी स्वतः पंख्याचे आणि एसीचे पॉइंट काढून दिलेत, याचा हिशेब नाही. हातात पैसे पडत होते, नकाशा कोण विचारतो?

एजंटने कागदांचा झेरॉक्स संच दिला होता, स्पायरल बाइंडिंग करून, पुढे पारदर्शक प्लास्टिक. बिल्डरबरोबरचा मूळ करारनामा त्यात होता, पण तो सह्या आणि साक्षीदारांपाशी संपत होता. मजकुरात 'सोबत जोडलेल्या परिशिष्टात दाखविल्याप्रमाणे' असं तीनदा आलं होतं आणि परिशिष्ट एकही नव्हतं. मालकांना म्हटलं, मूळ प्रत बघू द्या. त्यांनी कपाटातून काढून दिली, माणूस तसा सरळ. सह्यांनंतर आणखी चार पानं निघाली. तिसऱ्या पानावर मजल्याचा नकाशा, आपल्या फ्लॅटला लाल रेघेने वेढा घातलेला, आणि त्या छोट्या खोलीच्या जागी लिहिलेलं, 'टेरेस, ३.४० x २.८०'. मी टेप लावला. ३.४० मीटर भरलं, २.८० मीटर भरलं. म्हणजे साधारण १०२ चौरस फूट आणि आठ लाख रुपये. करारनाम्यात बांधीव क्षेत्र ७० चौरस मीटर, म्हणजे साडेसातशे फूट, आणि गच्ची वेगळी लिहिलेली. खोटं त्या कागदात काहीच नव्हतं. खोटी होती ती जाहिरात, आणि झेरॉक्स करताना गाळलेली पानं.

इथून पुढे जो ज्याला विचारावं तो वेगळ्याच कागदाकडे बोट दाखवायला लागला. एजंट म्हणाला, "काका, बिल्डिंगला कम्प्लिशन आहे." आहेच. इमारत राहायला योग्य असल्याचा महापालिकेचा दाखला, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र, २००४ चं, आणि गच्ची बंद केली २०११ मध्ये. २००४ चा दाखला २०११ च्या पत्र्याला कसा लागू होईल? बँकेच्या वकिलांचा सर्च रिपोर्ट स्वच्छ होता. असणारच. सर्चमध्ये मालकी बघतात, गहाण-बोजा बघतात, भिंती मोजत नाहीत. बँकेसाठी किंमत ठरवणारे व्हॅल्युअर येऊन गेले, त्यांनी 'अंतर्गत बदल' असे दोन शब्द लिहिले आणि कर्ज मंजूर. मालकांनी शेवटी वीजबिल पुढे केलं, आणि तिथे मात्र मला हसू आलं. वीज कायदा २००३ च्या कलम ४३ प्रमाणे जोडणी मागायचा हक्क जागेच्या मालकाला आहे तसा नुसत्या कब्जेदारालाही आहे. मीटर सांगतो की इथे माणूस राहतो. बांधकाम अधिकृत आहे की नाही, ते मीटरला काय ठाऊक? मिळकत कराचंही तेच. अनधिकृत बांधकामाला महापालिका कायद्याच्या कलम २६७अ खाली शास्ती, म्हणजे दंड, लागते, ती भरली म्हणून ते बांधकाम अधिकृत होत नाही. नदीपलीकडे पिंपरी-चिंचवडमध्ये शास्तीकर हा शब्द पोराटोरांना पाठ झाला होता. २०२३ मध्ये सरकारने तो माफ केला, पण माफी कराला होती, बांधकामाला नव्हती.

मग शेवटचं अस्त्र निघालं: "पैसे भरून रेग्युलर होतं." नगररचना कायद्यात २०१७ साली कलम ५२अ आलं, ३१ डिसेंबर २०१५ पर्यंतच्या बांधकामांसाठी, हे खरं आहे. मी ओळखीच्या आर्किटेक्टला फोन केला. तो म्हणाला, हा एकट्या फ्लॅटचा विषय राहत नाही, सोसायटीचा ठराव लागेल, चटईक्षेत्र शिल्लक आहे का बघावं लागेल, शुल्क वेगळं. मी मालकांना एवढंच विचारलं, "होतं म्हणता, तर इतक्या वर्षांत तुम्ही का नाही करून घेतलं? आधी करून घ्या, मग माझ्याकडून आठ लाख घ्या." ते गप्प बसले. त्यांच्या आई आतून म्हणाल्या, "मी तेव्हाच सांगितलं होतं, तुळशीला ऊन राहणार नाही."

व्यवहार मोडायच्या बेताला आला होता. घरातून बोलणी खाल्ली ती वेगळीच. "इतक्या वर्षांत कुणी विचारलं नाही, तुम्हालाच का खाज?" माझं म्हणणं असं होतं, की नोटीस येते तेव्हा ती त्या दिवशीच्या मालकाला किंवा राहणाऱ्याला येते. नगररचना कायद्याच्या कलम ५३ ची, अनधिकृत बांधकाम काढायची नोटीस आली तर तिच्यावर माझं नाव असेल, ज्याने पत्रा टाकला त्याचं नाही. आणि पैसे मी कशाचे देतोय? गच्चीचे द्यायला तयार आहे, खोलीचे नाही. तीन बैठका झाल्या. एजंट गच्चीला अर्धा भाव म्हणत होता, मी तिसरा हिस्सा. शेवटी एकूण किमतीत पाच लाख कमी झाले, आणि पत्रा-खिडक्या मी माझ्या खर्चाने काढायच्या असं ठरलं.

दस्ताच्या दिवशी दुय्यम निबंधक कार्यालयात अडीच तास बसलो. फोटो, अंगठे, आधार, साक्षीदार, मुद्रांक शुल्काची पावती, सगळं कसोशीने तपासलं गेलं. एका साक्षीदाराच्या नावात वेलांटी चुकली होती तर पान बदलावं लागलं. पण विकली जाते ती जागा कागदावर दिसते कशी, हे दाखवणारं एकही पान त्या दस्तात लागलं नाही, कारण ते लागायची सक्तीच नाही. मी आणलेला नकाशा हट्टाने शेवटी जोडायला लावला तेव्हा वकीलबाई म्हणाल्या, "काका, रीसेलला कुणी जोडत नाही हो." बिल्डरकडून पहिल्यांदा घेताना करारनाम्याला मजल्याचा नकाशा असतो. दुसऱ्या-तिसऱ्या हाताला जाताना तो गळतो, आणि नेमकं त्याच वर्षांत गच्चीची खोली होते.

माझी मागणी एवढीच आहे. पुनर्विक्रीच्या प्रत्येक दस्ताला त्या फ्लॅटचा मंजूर नकाशा जोडणं सक्तीचं करा, आणि त्याखाली विकणाऱ्याने सहीनिशी लिहून द्यावं की आज जागेवर जे आहे ते याप्रमाणे आहे, किंवा इथे इथे वेगळं आहे. यात कुणाचं पाडायचं नाही, कुणाला दंड करायचा नाही. निबंधकांनी जागेवर जाऊन मोजावं असंही मी म्हणत नाही. विकणाऱ्याला लिहावं लागलं की भाव आपोआप जागेवर येतो. १७ डिसेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने मेरठच्या एका प्रकरणात सांगितलं, की पूर्णत्वाचा दाखला बघितल्याशिवाय बँकांनी कर्ज देऊ नये आणि वीज-पाण्याची जोडणीही देऊ नये. नव्या इमारतींना त्याचा उपयोग होईल. पण दाखला मिळाल्यानंतर सात वर्षांनी झालेली खोली त्यात कशी सापडायची? ती सापडते नकाशात आणि मोजमापाच्या टेपमध्ये. तोवर घेणाऱ्याने करारनाम्याची परिशिष्टं मागून घ्यावीत. नसतील तर सोसायटीच्या कपाटात इमारतीचा नकाशा बहुधा असतो. तिथेही नसला तर महापालिकेत माहितीच्या अधिकाराचा अर्ज, दहा रुपयांचं तिकीट लावून. ३० दिवस वाट बघायची. घर आयुष्यात एकदा घ्यायचं असतं, त्यासाठी महिना थांबायला हरकत नसावी. एजंटला असते.

ताबा मिळाल्यावर पंधरा दिवसांत मी खोली उतरवली. दोन मजूर, एक फॅब्रिकेटर, राडारोड्याचा टेम्पो आणि वॉटरप्रूफिंग मिळून ४१ हजार गेले, भंगारवाल्याने ॲल्युमिनियमचे साडेसहा हजार दिले. बुजवलेलं भोक मी स्वतः छिन्नीने मोकळं केलं. पहिल्या पावसात पाणी तिथूनच गेलं आणि खालच्या मजल्यावरच्या वहिनींच्या भिंतीवर पत्र्याची धार पडायची बंद झाली. त्या येऊन साबुदाण्याची खिचडी देऊन गेल्या.

सेक्रेटरी मात्र नाराज आहेत. सोळा फ्लॅटपैकी नऊ जणांनी गच्च्या बंद केल्यात, त्यात त्यांचीही आहे. "तुमची उघडी दिसली की आमच्या बंद दिसतात," असं ते जिन्यात म्हणाले. आता तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट विक्रीला निघालाय. फलकावर कागद लागलाय: अडीच बीएचके, साडेआठशे फूट, पेपर क्लिअर. काल एक तरुण जोडपं बघायला आलं होतं, लिफ्टची वाट बघत माझ्या दारासमोर पाच मिनिटं उभं होतं. मी काही बोललो नाही. बोलायला हवं होतं का, यावर आमच्या घरात अजून दोन मतं आहेत.

आपला,
एक निवृत्त वायरमन, सिंहगड रस्ता, पुणे