बोर्ड सगळ्यात शेवटी घ्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

डिसेंबर तोंडावर आला की नागपुरातून गुलमर्ग-औलीच्या तिकिटांची घाई सुरू होते. पूर्वी लोक गमबूट चढवून स्लेजवर बसायचे, फोटो काढायचे नि परतायचे. आता कॉलेजातली मुले स्नोबोर्ड, म्हणजे दोन्ही पाय बांधून बर्फावरून घसरायची फळी, शिकायचे ठरवूनच निघतात. हे उत्तमच आहे. घोळ होतो तो खरेदीत. क्रिकेटची बॅट सीताबर्डीच्या बाजारात चार दुकानांत हाताळून, ठोकून बघता येते. स्नोबोर्डाचे तसे नाही. म्हणून मोबाइलवर रंग आवडला, उंचीचा तक्ता लावला नि बोर्ड मागवला, असे होते. बाइंडिंग, म्हणजे बूट बोर्डाला जखडणारा भाग, मिळेल ते, आणि बूट ‘तिथेच भाड्याने घेऊ’. हा क्रम अगदी उलटा आहे. आधी बूट, मग त्या बुटाला बसणारे बाइंडिंग आणि बोर्ड सगळ्यात शेवटी.

स्कीचे बाइंडिंग पडताना जोर आला की सुटते. स्नोबोर्डाचे सुटत नाही. दोन्ही पाय बोर्डाला जखडलेलेच राहतात आणि पावलाची प्रत्येक हालचाल बुटातूनच खाली पोहोचते. बूट सैल असेल तर टाच आत उचलली जाते, बोर्ड मात्र जागचा हलत नाही. मग बोर्डाच्या पंजाकडच्या कडेवर वळताना अर्धा क्षण उशीर होतो, आणि शिकणाऱ्याला वाटते की आपल्यालाच जमत नाही.

रोजच्या बुटांच्या नंबरावर जाऊ नका. या बुटांचे माप मोंडो पद्धतीचे, म्हणजे पावलाची सेंटीमीटरमधली लांबी. संध्याकाळी, पाय थोडे फुगलेले असताना, टाच भिंतीला टेकवून पायावर पूर्ण वजन देऊन उभे राहा आणि सर्वांत लांब बोटापर्यंत मोजा. 26.8 आले तर 27 चा बूट. सरळ उभे असताना बोटांची टोके आतल्या अस्तराला हलकीशी टेकली पाहिजेत आणि गुडघे वाकवले की मागे सरकली पाहिजेत. अस्तर काही दिवसांत दबते, त्यामुळे नव्या बुटाची थोडी घट्टी चालते. ‘जाड मोजे घालू’ म्हणून एक नंबर मोठा घेणे ही आपल्याकडची नेहमीची चूक. मोजा एकच, पातळ आणि लोकरीचा. दोन मोजे घातले की घड्या पडतात, फोड येतात, बूट आवळावा लागतो आणि रक्त नीट न फिरल्याने पाय उलट जास्त गारठतात. बूट घरी आले की पंखा लावून अर्धा तास घालून बसा-उठा. एका जागी टोचत असेल तर तो डोंगरावर जाऊन बरा होणार नाही.

बूट ठरला की बोर्डाची रुंदी ठरते, आणि नवशिक्यांचे सर्वाधिक नुकसान इथेच होते. साधे गणित बघा. 27 सेंटीमीटरच्या पावलाचा बूट बाहेरून साधारण 30 सेंटीमीटर भरतो. तो बोर्डावर 15 अंश तिरपा बसवला की आडवी लांबी उरते 29. कमरेला, म्हणजे सर्वांत अरुंद जागी, 250 मिलिमीटर असलेला बोर्ड बाइंडिंगखाली जवळपास 26 सेंटीमीटर असतो. राहिले 3 सेंटीमीटर. पंजाकडे दीड, टाचेकडे दीड. एवढे बाहेर येणे योग्यच आहे, कारण त्या तरफेनेच कड दाबली जाते. तोच बूट 240 च्या कमरेवर चढवला तर दोन्हीकडे दोन-दोन सेंटीमीटर बाहेर येतात. बोर्ड जरा जास्त कलला की बुटाचे टोक बर्फात घासते, कड उचलली जाते आणि माणूस घसरत खाली. उलट बोर्ड फार रुंद असला तर तो कडेवर चढवायलाच जास्त ताकद लागते. 28.5 च्या पुढचे पाऊल असेल तर ‘वाइड’ प्रकाराशिवाय बघू नये.

लांबी मात्र वजनावर घ्यावी. ‘हनुवटी ते नाक’ हा अंदाज सगळीकडे सांगतात, पण बोर्ड हा ट्रकच्या कमानपाट्यासारखा आहे. वर किती भार आहे एवढेच त्याला कळते. पाच फूट आठ इंचांची दोन माणसे, एक 58 किलोचा आणि एक 85 किलोचा, एकाच बोर्डावर सुखी राहू शकत नाहीत. हलक्याला तो वाकवता येणार नाही, जड माणसाखाली तो लटपटेल. ढोबळमानाने 55 ते 60 किलोला 145 ते 150 सेंटीमीटर, 70 किलोच्या आसपास 152 ते 156, आणि 85 किलोला 158 ते 162. शिकताना खालचे टोक धरावे, कारण आखूड बोर्ड लवकर फिरतो. अखेरचा शब्द त्या मॉडेलच्या वजनाच्या तक्त्याचा.

बोर्डाचा कडकपणा दहापैकी तीन ते पाच (दहा म्हणजे सर्वांत ताठ). घडण दोन्ही टोकांना सारखी, म्हणजे ट्विन.

बोर्डाचा बाक घरच्या फरशीवरच तपासता येतो. बोर्ड फरशीवर ठेवून आडवे होऊन खालून बघा. मधला भाग काही मिलिमीटर अधांतरी आणि टोकांजवळचे भाग टेकलेले, तर कॅम्बर. मध्य टेकलेला आणि तिथूनच दोन्ही टोके वर चाललेली, तर रॉकर. कॅम्बर टणक बर्फावर पकड देतो, पण नवशिक्याची उताराकडची कड त्यात चटकन रुतते. बोर्ड जागीच थांबतो, माणूस थांबत नाही. मनगटे आणि डोक्याची मागची बाजू आपटते ती याच प्रकारात. रॉकर ही चूक पोटात घालतो. टणक बर्फावर मात्र निसटतो. दोन्हींच्या मधला, म्हणजे सपाट किंवा दोन पायांमध्ये सपाट आणि टोकांना हळूच उचललेला, शिकायला सर्वांत बरा. तळ एक्स्ट्रुडेड, म्हणजे वितळवलेल्या प्लास्टिकचा, असला तरी बिघडत नाही. सिंटर्ड, म्हणजे प्लास्टिकची भुकटी दाबून केलेला, तळ वेगवान असतो, पण त्याला सतत मेण हवे.

आता बाइंडिंग. आधी बोर्डावरची भोके बघा. बऱ्याच बोर्डांना दोन-दोन सेंटीमीटरवर किंवा चार-चार सेंटीमीटरवर भोकांच्या रांगा असतात आणि त्यात एका बाइंडिंगच्या गोल चकतीतून चार एम-6 स्क्रू बसतात. बर्टन कंपनीच्या बहुतेक बोर्डांना भोकांऐवजी लांब खाच असते. तिथे एका बाइंडिंगला दोनच स्क्रू लागतात आणि निव्वळ त्या खाचेसाठी बनवलेले बाइंडिंग इतर बोर्डांवर बसत नाही. पट्ट्यांशिवाय खटकन अडकणारी बर्टनची ‘स्टेप ऑन’ पद्धत 2017 मध्ये आली. सोयीची आहे, पण तिला तिचेच बूट लागतात. भाड्याचे बूट तिथे निरुपयोगी. आणि बुटाखाली बर्फ चिकटला की ती नीट अडकत नाही. दोन पट्ट्यांचे साधे बाइंडिंग नवशिक्याला पुरेसे आहे आणि ते दुरुस्तही लवकर होते.

पुढे कोणता पाय ठेवायचा? मोजे घालून गुळगुळीत फरशीवर दोन पावले पळा आणि घसरा. जो पाय आपोआप पुढे जाईल तो पुढचा. डावा गेला तर रेग्युलर, उजवा गेला तर गूफी. डावखुऱ्या फलंदाजाचा बोर्डावरही उजवाच पाय पुढे जाईल, असे काही नाही.

बसवताना घाई नको. दोन पायांतले अंतर गुडघ्याच्या वाटीच्या खालच्या कडेपासून जमिनीपर्यंतच्या उंचीएवढे धरून सुरुवात करा, किंवा बोर्डावर खुणेने दाखवलेली मधली भोके वापरा. पुढच्या पायाला अधिक 15 अंश (बोटे बोर्डाच्या पुढच्या टोकाकडे वळलेली), मागच्याला उणे 6 ते उणे 9 (बोटे मागच्या टोकाकडे). यात दोन्ही गुडघे आपापल्या बोटांच्या दिशेने वाकतात. स्क्रू आधी बोटांनी निदान चार-पाच वळसे बसलेच पाहिजेत. तसे न होता जोर लावला तर आतली पितळी किंवा स्टीलची बैठक खराब होते आणि मग बोर्डच बाद. स्क्रू जास्त लांब असेल तर तळाला आतून फुगवटा येतो. पेचकस तीन नंबरचा हवा. घरातला दोन नंबरचा लावला की स्क्रूचे डोके झिजलेच. चारही स्क्रू आळीपाळीने आवळा. मग बूट घालून पट्ट्या बांधा आणि पंजाकडे व टाचेकडे बूट सारखाच बाहेर येतो का ते मोजपट्टीने मोजा. फरक पाच मिलिमीटरहून जास्त असेल तर चकती सरकवा. बाइंडिंगच्या पाठीमागच्या टेकूचा पुढे झुकणारा कोन शिकताना शून्यावर ठेवा. नाहीतर दिवसभर खुर्चीत बसल्यासारखे उभे राहून मांड्या भरून येतात.

पहिल्या दिवशी तासाभरानंतर स्क्रू पुन्हा तपासा. थंडी आणि हादऱ्यांनी ते ढिले होतातच. खिशात तीन नंबरचा छोटा पेचकस, दोन जादा स्क्रू आणि बाइंडिंगची पट्टी आवळणारी एक जादा दातेरी फीत असू द्या. एवढ्याशा प्लास्टिकपायी आख्खा दिवस वाया जातो.

इतके सांगूनही आमचे मत असे, की पहिल्या फेरीला बोर्ड विकत घेऊच नये. बूट, हेल्मेट आणि मनगटाचे गार्ड घ्यावेत. बोर्ड आणि बाइंडिंग भाड्याने. हेल्मेटवर ईएन 1077 हे बर्फावरच्या हेल्मेटांचे युरोपीय मानक छापलेले असावे. स्कूटरचे किंवा क्रिकेटचे चालत नाही. भाड्याचा बोर्ड ताब्यात घेताना पूर्ण कडेवरून नखाचा पाठीमागचा भाग हळूच फिरवा. कुठे कड उचकटलेली लागली, थरांमध्ये फट दिसली किंवा बाइंडिंग हाताने डुगडुगले, तर दुसरा मागा. गुलमर्ग सुमारे 2,650 मीटरवर आहे. सुरुवातीचे दिवस तिथल्या मैदानालगतच्या सौम्य उतारांवरच काढावेत. कोंगडोरी या मधल्या थांब्याच्या पुढे अफरवत शिखराकडे जाणारा गंडोलाचा (रोपवेचा) दुसरा टप्पा 3,900 मीटरच्या वर नेतो. तिथे हिमस्खलनाचा धोका असतो. कडा कशा वापरायच्या हे अजून न कळलेल्या माणसाचे तिथे काम नाही.

बोर्ड घेतलाच तर तो नागपुरात ठेवायचा कसा, हा वेगळाच विषय आहे. मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो तेव्हा टिनाखालच्या माळ्यावर ठेवलेल्या बोर्डाचे थर सुटू शकतात. कूलरच्या वाऱ्यासमोर ठेवला तर दमट हवेने पोलादी कडा गंजतात. उन्हाळ्याआधी बाइंडिंग सोडवा, कडा कोरड्या पुसा, तळावर आणि कडांवर मेणाचा जाड थर द्या आणि तो न खरवडता बोर्ड खोलीतल्या पलंगाखाली आडवा सरकवून द्या. मेणासाठी वाफेची इस्त्री नको. साधी इस्त्री मंद ठेवा आणि सतत फिरती ठेवा. धूर निघाला तर ती फार तापली आहे.

ऑनलाइन विक्रेत्यांना एक विनंती. बोर्डाच्या पानावर लांबी आणि रंग ठळक असतात. किती वजनाच्या माणसासाठी, कमरेची रुंदी किती, कडकपणा किती आणि भोकांची रचना कोणती, हे शोधूनही सापडत नाही. हे चार आकडे छापायला जागा फारशी लागत नाही. ग्राहकांनीही ते मिळाल्याशिवाय पैसे भरू नयेत.

आपले,
स्नोबोर्ड शिकवणारे व साहित्य जुळवून देणारे काही नागपूरकर