बोल्ट

चि. मनू हिस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी रात्री मी जुने बोल्ट बदलायला सांगितलं, तशी तू मारुती एट हंड्रेडच्या इंजिनाचे तिन्ही कनेक्टिंग रॉड, पिस्टनला क्रँकशी जोडणारे ते दांडे, टॉवेलात गुंडाळून कपाटावर ठेवलेस आणि न जेवताच भोसरीच्या खोलीवर निघून गेलीस. फोन उचलत नाहीस, म्हणून लिहितोय. बोल्टांचा विषय काढायचा नाही, असं ठरवूनच बसलोय.

रॉडच्या एकेका टोकाचं वजन करायला आजीच्या पाटावर तू उभा केलेला जिग मी मोडलेला नाही. रॉडचं एक टोक बेअरिंगवर, दुसरं काट्यावर, आणि रॉड पाणसळीत. पहिल्या दिवशी एकच टोक तीनदा ठेवलं तर तीन वजनं येत होती. मी काट्याला नावं ठेवली. तू बेअरिंग रॉकेलमध्ये धुतलंस, ग्रीस निघालं, आणि आकडा जागेवर आला. चाळीस वर्षं लेथवर काढून मला ते सुचलं नव्हतं. त्या संध्याकाळी शेजारच्या काकांना मी दोनदा सांगितलं, तुला ऐकू जाणार नाही अशा बेतानं.

घासणंही तुझं नीट होतं. जिथे मूळचं जादा लोखंड असतं तिथूनच काढलंस, मोठ्या टोकाला क्रँकभोवती आवळतो त्या कॅपच्या तळाचं आणि छोट्या टोकाच्या माथ्यावरचं. मधल्या दांड्याला हात लावला नाहीस. रेघा लांबीच्या दिशेनंच ठेवल्यास, कारण आडव्या ओरखड्यातूनच पुढे तडा जातो. साडेतीन ग्रॅमचा फरक अर्ध्या ग्रॅमवर आला. एट हंड्रेडला तीनच सिलिंडर, क्रँकवर १२० अंशांनी बसवलेले. तिघांचं वजन सारखं असेल तरच त्यांची ओढ एकमेकांना खोडते.

कॅलेंडरच्या पाठीवरचा तुझा हिशोब तसाच आहे. स्ट्रोक ७२ मिलिमीटर, म्हणजे त्रिज्या ३६. ६००० आरपीएमला मोठ्या टोकाचा १ ग्रॅम जवळजवळ दीड किलोच्या जोरानं ओढतो. एका ग्रॅमची ही गत, तर वर जाऊन वळणारा अख्खा पिस्टन धरून कोण ठेवतं? कॅपचे दोन बोल्ट.

आलोच बघ तिथे. जुना बोल्ट वरून कसाही दिसो, आतून किती ताणला गेलाय ते डोळ्यांना कळत नाही. टॉर्क रेंच लावल्याशिवाय आवळायचा नाही, हाताच्या अंदाजावर तर मुळीच नाही. एका रॉडची कॅप दुसऱ्याला जाऊ द्यायची नाही. आणि बोल्ट बदलले की वजनं पुन्हा करावी लागतात. पुरे. हे सगळं तुला येतं, मी उगाच शाळा घेतोय. राग मानू नकोस.

तू विचारलंस, "तीन रविवार घासत बसले, तेव्हा का नाही सांगितलंत?" मी तुझ्यावरच ओरडलो. खरं उत्तर देता आलं नाही.

तू चार वर्षांची असताना आपण आपल्या जुन्या पद्मिनी गाडीतून कोल्हापूरला निघालो होतो. तुला रसवंतीत प्यायलेला उसाचा रस आठवतो, चिमणीच्या चित्राचा ग्लास आठवतो. आपण तिथे रस प्यायला थांबलो नव्हतो, मनू. खंबाटकी घाट चढताना दुसऱ्या गिअरमध्ये रॉड तुटला आणि ब्लॉक फोडून बाहेर आला. तेल रस्त्यावर सांडलं होतं, मागून ट्रक येत होते, आणि आई तुला कडेवर घेऊन कठड्याला चिकटून उभी होती. ते इंजिन मी घरीच बांधलं होतं. बोल्ट जुनेच घातले, चकचकीत दिसले म्हणून आणि महिनाअखेर होती म्हणून. आईला सांगितलं, ऑइल पंप गेला. तिला अजून तेच माहीत आहे. मीच सांगेन, तू बोलू नकोस.

तुला बोल्टांचं आधी सांगायचं तर हे सांगावं लागलं असतं. म्हणून मी रोज उद्यावर ढकलत गेलो.

एट हंड्रेड घेऊन तू दिवाळीत एकटी रत्नागिरीला जायचं म्हणतेस. जा. मी अडवत नाही. पण नवे बोल्ट घालून जा.

नाना पेठेतून काल सहा बोल्ट आणलेत. कपाटावर टॉवेलाशेजारी डबीत आहेत. प्रत्येकाचं वजन करून चिठ्ठी लावली आहे. चष्मा लावूनही दशांशातला आकडा मला धूसर दिसतो, तेव्हा तू एकदा बघ. रॉडना हात लावलेला नाही. शनिवारी येणार असशील तर बेअरिंग धुऊन ठेवतो.

आई म्हणते, डबा परत आण.

तुझे
बाबा