ब्लँकेटे पुरे झाली, आता आठवड्याचे दोन तास द्या

ग्रामस्थ, पैपाहुणे आणि कामाधंद्यासाठी पुणे-मुंबई-गोव्याला गेलेली आमची पोरे, सर्वांना नमस्कार.

पुराचे पाणी उतरून तीन आठवडे झाले. वेदगंगा नदी पात्रात गेली, घरांतला गाळ निघाला, लाइट आली. निपाणीहून येणाऱ्या पाहुण्याला गाव होते तसेच दिसेल. पण परवा रात्री साडेबाराला पावसाची एक जोराची सर आली आणि खालच्या आळीत एकेक करत सगळे दिवे लागले. कोणी कोणाला हाक मारली नव्हती. माणसे आपापल्या दारात उभी राहून नदीच्या दिशेला बघत होती. सर पंधरा मिनिटांत थांबली, आळी मात्र पहाटेपर्यंत जागीच. त्या रात्रीमुळे हे आवाहन लिहायला घेतले.

लिहिणारे आम्ही म्हणजे गावातले तरुण मंडळ, महिला बचत गट आणि भजनी मंडळ. एरवी या तिघांचे एका बैठकीत एकमत होत नाही, यावेळी झाले.

आधी देणाऱ्यांचे आभार. ताडपत्र्या, धान्य, कपडे, पाण्याच्या बाटल्या सगळे पोचले. ब्लँकेटे तर इतकी आली की वाचनालयाची एक खोली भरली आहे, आणि बिस्किटांचे बरेचसे पुडे शेवटी म्हशींनी खाल्ले. हे चेष्टेने लिहीत नाही. पूर आला की पहिल्या आठवड्यात वस्तूंचा दुसरा पूर येतो आणि महिन्याभरात दोन्ही ओसरतात. माणसाला खरी गरज लागते ती त्यानंतर. २०१९ मध्ये आम्ही हे अंगावर घेतले आहे.

त्या वर्षी ५ ऑगस्टला नागपंचमी होती. माहेरी आलेल्या लेकी झोक्यावर बसायच्या, त्याऐवजी पोरेबाळे काखेत मारून शाळेच्या वर्गात बसल्या. यमगर्णीजवळ महामार्गावर पाणी आले, कोल्हापूरकडची वाट तुटली. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तेच. दोन्ही वेळा घरे पडली ती पाण्यात कमी आणि पाणी उतरल्यावर जास्त. मातीची भिंत भिजून उभी राहते आणि ऊन लागले की तडकून बसते. माणसाचेही तसेच होते, हे आम्हाला उशिरा कळले. पाण्यात कंबरभर उभे राहून म्हशी सोडवणारा गडी महिन्याने चहाच्या कपावरून बायकोवर ओरडू लागला. एकाने दारू जवळ केली. आणि शेजाऱ्यांत बोलणे बंद झाले.

शेजारी का तुटले, तेही सांगायला हवे. २०१९ ला तातडीची मदत म्हणून घरटी १० हजार रुपये जाहीर झाले आणि पूर्ण पडलेल्या घराला ५ लाख. मग पडझडीप्रमाणे घरांचे ए, बी, सी असे वर्ग पडले, ए म्हणजे सगळ्यात जास्त पडझड आणि सी म्हणजे थोडी. एकाच भिंतीला लागून असलेल्या दोन घरांत एकाला ए आणि दुसऱ्याला सी मिळाले. कोण बरोबर, कोण चूक यात आता शिरायचे नाही. पण ज्या दोन घरांनी पुराच्या रात्री एका दोराला धरून म्हाताऱ्यांना बाहेर काढले, ती दोन घरे त्या एका अक्षरावरून दोन वर्षे एकमेकांच्या कार्याला गेली नाहीत. घर बांधून झाले, शेजार पडलेलाच राहिला. यंदा ते होऊ द्यायचे नाही, एवढ्यासाठी आम्ही एक साधी गोष्ट सुरू केली आहे.

तिला आम्ही ‘जोडघर’ म्हणतो. खालच्या आळीतले एक पूरग्रस्त घर आणि वरच्या आळीतले एक कोरडे घर अशी जोडी लावायची. कोरड्या घराने तीन महिने आठवड्यातून दोन तास जोडघरासाठी काढायचे. जेवण द्यायचे नाही, पैसे द्यायचे नाहीत, उपदेश तर अजिबात द्यायचा नाही. जायचे, बसायचे, हाताला येईल ते काम करू लागायचे. भिजलेली कागदपत्रे उन्हात वाळवायची, पोरांचा अभ्यास घ्यायचा, म्हाताऱ्याला दवाखान्यात न्यायचे. पुढच्या खेपेला पाणी आलेच तर त्या घराची माणसे आणि जनावरे याच जोडघरी येतील, म्हणजे अंगणवाडीच्या पायरीवर रात्र काढायची वेळ येणार नाही. बहुतेक घरांना जोडी मिळाली आहे, पंधरा-एक घरे अजून बाकी आहेत.

जोडी लावताना मराठी घर, कन्नड घर असा भाषेचा हिशेब धरलेला नाही. उलट भाषा वेगळी असली तर फायदाच आहे. आपण कर्नाटकात, त्यामुळे मदतीचे सगळे अर्ज कन्नडमध्ये असतात आणि आमच्याकडच्या साठीपुढच्या माणसांना ते वाचता येत नाहीत. मागच्या वेळी अर्धी भीती त्या कागदाचीच होती, कुठे सही केली आणि काय गेले हेच कळायचे नाही. यंदा कन्नड घरांतल्या कॉलेजच्या मुली उतारा, आधार, बँकेचे पुस्तक घेऊन ओट्यावर बसल्या आणि दोन संध्याकाळींत आळीचे अर्ज भरून झाले. पुरातल्या आसऱ्याच्या जागेला पूर्वी गंजी केंद्र म्हणायचे, आता सरकारी भाषेत काळजी केंद्र म्हणतात. काळजी हा शब्द मराठीत आणि कन्नडमध्ये एकच आहे, त्याचा तर्जुमा करावा लागत नाही. ‘ऊटा आतेन्री?’ असे पलीकडच्या अक्काने दारातून विचारले की जेवण झाले नसले तरी निम्मे पोट भरते, हे आमच्या अनुभवाचे आहे.

जोडघराच्या माणसांसाठी दोन-चार गोष्टी. पुरानंतरचे काही आठवडे झोप न लागणे, पावसाच्या आवाजाने दचकणे, चिडचिड, पोरांनी आईला न सोडणे किंवा अंथरूण ओले करणे हे वेड नव्हे. बहुतेकांचे ते रोजचे व्यवहार सुरू झाले आणि जवळ माणूस असला की हळूहळू कमी होते. ‘त्या रात्री काय झाले, सांग बघू’ असे खोदून विचारू नका. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली अशा वेळच्या मानसिक प्रथमोपचारावर पुस्तिका काढली, तिचे सार तीन शब्दांत आहे: बघा, ऐका, जोडून द्या. बोलले तर ऐका, नाही बोलले तर शेंगा फोडत बसा. ‘जीव वाचला ना, मग रडतोस कशाला’ हे वाक्य चुकूनही काढू नका. ज्याची म्हैस गेली त्याला ती म्हैसच आठवणार. महिना उलटला तरी झोप, जेवण, काम जाग्यावर येत नसेल, दारू वाढली असेल किंवा जगून काय करायचे असे कोणी बोलले, तर मात्र थांबू नका. त्याला एकटे सोडू नका आणि डॉक्टरांकडे न्या. टेलिमानस ही सरकारी सेवा २०२२ पासून आहे. १४४१६ हा नंबर मोफत आहे, दिवसरात्र चालतो, मराठीतही बोलता येते आणि कन्नडमध्येही. नंबर प्रत्येक दारावर चिकटवण्याचे काम तरुण मंडळाकडे आहे.

भीती वाढवणारी आणखी एक गोष्ट म्हणजे मोबाइल. यंदा ‘धरण फुटले’ असा मेसेज एका रात्रीत तीनदा फिरला. आपल्या वेदगंगेला पाणी येते पाटगावकडून, दूधगंगेला काळम्मावाडीकडून. पुढे कृष्णा तुडुंब असली की आपले पाणी पुढे सरकत नाही आणि फुगवटा मागे येतो. एवढे ज्याला ठाऊक आहे त्याला कोयनेचा प्रत्येक आकडा ऐकून रात्री उठून बसावे लागत नाही. पावसाळा संपेपर्यंत सकाळी सात आणि संध्याकाळी सहा वाजता पंचायतीतून खरी माहिती घेऊन मारुतीच्या देवळासमोरच्या फळ्यावर लिहिली जाईल. लिहिण्यासाठी दोन स्वच्छ हस्ताक्षराची माणसे हवी आहेत. शाळेतली मुले चालतील, उत्साह त्यांचाच जास्त आहे.

सगळ्यात जास्त विचार केला तो विडी वळणाऱ्या बायकांचा. तंबाखू भिजला, पाने कुजली, हातचे काम थांबले. पण फक्त मजुरी गेली असे नाही. मांडीवर सूप घेऊन पाच-सात जणी एका पडवीत बसायच्या, तिथे सासूपासून सोसायटीच्या कर्जापर्यंत सगळे बोलून व्हायचे. पडव्या पडल्या आणि ती बैठक मोडली. आता जी ती आपल्या घरात भिंतीकडे बघत बसते. म्हणून आमची पहिली मागणी कोरड्या जागेची आहे. वरच्या आळीत कोणाची पडवी, माडी किंवा रिकामे गोडाऊन असेल तर दुपारी चार तास या बायकांना द्या. कंदील, चटया आणि चहाची सोय बचत गट करेल.

पैसेही लागणार आहेत, ते लपवत नाही. पडक्या भिंतींना तात्पुरते पत्रे, भिजलेल्या मोटारी भरून घेणे, पोरांच्या वह्या-पुस्तके, जनावरांना वैरण आणि ज्यांना निपाणी किंवा बेळगावच्या सरकारी दवाखान्यात खेपा घालाव्या लागतील त्यांचे एसटीचे भाडे, एवढ्यावरच ते खर्च होतील. जुने कपडे आणि ब्लँकेटे कृपा करून पाठवू नका. ओला-सुका कडबा कोणाच्या शिवारात असेल तर तो मात्र आजच कळवा, आमची पोरे ट्रॅक्टर घेऊन येतील. गवंडी, सुतार, वायरमन यांनी एक दिवसाची मजुरी सोडली तरी ती देणगीच धरू, आणि पावतीवर तसेच लिहू.

देणगी रोज संध्याकाळी सहा ते आठ वाचनालयात स्वीकारली जाईल, छापील पावती मिळेल. जमा-खर्च दर सोमवारी त्याच फळ्यावर लागेल. आमच्या नावाने मोबाइलवर फिरणाऱ्या कोणत्याही क्यूआर कोडवर पैसे टाकू नका, आम्ही तसा कोड काढलेला नाही. बाहेरगावच्या मंडळींनी घरच्या माणसाकरवी पाठवावे. आणि पैसे पाठवणे जमत नसेल, तर रविवारी रात्री गावातल्या आपल्या जुन्या शेजाऱ्याला फोन लावा. पुराचे विचारायलाच पाहिजे असे नाही.

जोडघरासाठी नाव द्यायचे असेल त्यांनी गुरुवारी हरिपाठ संपल्यावर देवळात थांबावे. वही भजनी मंडळाच्या पेटीजवळ ठेवलेली असेल. नावापुढे घरात कोणते वार मोकळे असतात तेवढे लिहा, बाकीचे आम्ही जुळवून घेऊ.