गिब्सनच्या गावच्या काकांना

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

फोनवर तुमचे आभार मानायला गेलं की "अगं, त्यात काय एवढं" म्हणून तुम्ही लगेच हवापाण्याच्या गप्पा काढता. म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांत. अमेरिकेत सेंट लुईसला नव्याने आलेल्या, दिवसभर ऑफिस आणि संध्याकाळी बोलायला कुणी नाही अशा कितीतरी मराठी पोरापोरींच्या हाती तुम्ही पेन्सिल आणि बेसबॉलचं स्कोअरबुक दिलंत. त्यांतली मी एक. पहिला हिवाळा कसाबसा निघाला होता. एप्रिलमध्ये तुम्ही कार्डिनल्स या इथल्या टीमच्या मॅचला नेलंत आणि या परक्या गावात मला माझी म्हणावी अशी एक टीम मिळाली. दुकानातल्या रांगेत, ऑफिसच्या लिफ्टमध्ये, शेजारच्या आजीशी, कुणाशीही बोलायला विषय मिळाला. हे उपकार मी लहान मानत नाही.

तुमची शिकवणी कडक होती. आधी स्टेडियमबाहेर कार्डिनल्सचा थोर पिचर बॉब गिब्सन याच्या पुतळ्यासमोर उभं राहायचं, मगच आत. बसल्यावर मोबाइल पर्समध्ये. पिचर (बॉल टाकणारा) म्हणजे १, कॅचर (बॅटरमागे बॉल झेलणारा) २, शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) ६, हे आकडे पाठ. स्ट्राइक म्हणजे बॅटरने हुकवलेला किंवा सोडून दिलेला नीट बॉल; तीन पडले की बॅटर बाद, म्हणजे स्ट्राइकआउट. तो झाला की चौकटीत इंग्रजी के. बॅटरने बॅट न फिरवताच तिसरा स्ट्राइक पडला, तर तोच के उलटा. "उलटा के नीट काढ," तुम्ही बजावायचात, "तिथे पिचरने बॅटरचं डोकं वाचलेलं असतं." आणि एक गोष्ट तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलीत, ती मला अजून या खेळाचा गाभा वाटते: क्रिकेटमध्ये बोलरची ओव्हर संपते, कॅप्टन दुसऱ्या टोकाकडे वळतो. पिचरला दुसरं टोकच नसतं.

तुमच्याकडून २ ऑक्टोबर १९६८ ची गोष्ट मी इतक्यांदा ऐकली आहे की आता मीच नव्या मुलांना सांगते. तुम्ही तेव्हा विद्यार्थी, तिकिटाला पैसे नाहीत, लॅबमधला ट्रान्झिस्टर कानाला. वर्ल्ड सीरिजची, म्हणजे दोन लीगच्या विजेत्यांमधल्या अंतिम मालिकेची पहिली मॅच. कार्डिनल्सकडून गिब्सन. समोर डेट्रॉइटचा पिचर डेनी मॅक्लेन, त्या मोसमात ३१ विजय मिळवलेला. नवव्या इनिंगमध्ये अल केलाइन स्ट्राइकआउट झाला आणि पिचर सँडी कूफॅक्सच्या, वर्ल्ड सीरिजच्या एका मॅचमधल्या १५ स्ट्राइकआउटच्या विक्रमाशी बरोबरी झाली. कॅचर टिम मॅकार्व्हर स्कोअरबोर्डकडे बोट दाखवतोय, प्रेक्षक उभे, आणि गिब्सन ओरडतोय की आधी बॉल दे. मग नॉर्म कॅश, मग विली हॉर्टन. सतरा स्ट्राइकआउट. सांगताना हॉर्टनच्या नावाशी तुमचा आवाज दर वेळी चढतो.

पण त्याहून मोलाचं तुम्ही जे शिकवलंत, ते त्याच वर्षातलं. गिब्सनचा ईआरए, म्हणजे नऊ इनिंगमागे पिचरच्या खात्यावर पडलेल्या धावा, १.१२; सव्वा धावेहूनही कमी. तेरा शटआउट, म्हणजे तेरा मॅचमध्ये समोरच्यांना एकही धाव नाही. तरीही तो नऊ मॅच हरला! सॅन फ्रान्सिस्कोत १७ सप्टेंबरला त्याने एकच धाव दिली, आणि समोर गेलॉर्ड पेरीने नो-हिटर टाकला, म्हणजे एकही हिट दिला नाही. गिब्सनच्या नावावर पराभव. ती चौकट तुम्ही मला पुन्हा आखून दाखवलीत आणि विचारलंत, "यात त्याची चूक शोधून दाखव." तेव्हापासून पिचरचं मोठेपण जय-पराजयाच्या रकान्यात शोधायचं मी सोडून दिलं. त्याच्या हातात काय होतं आणि त्यातून त्याने काय केलं, हे आधी बघते.

याच न्यायाने मी तुमच्याशी भांडले, आणि तुम्ही भांडू दिलंत, त्याबद्दलही आभार. पिचर नोलन रायन तुम्हाला फारसा पटत नाही. २७९५ वॉक (चार वाईट बॉल टाकून बॅटरला फुकट पहिला बेस) दिलेला माणूस थोर कसा, हा तुमचा सवाल. मी म्हणते, १९८७ बघा. चाळीस वर्षांचा पिचर, लीगमध्ये सर्वांत कमी ईआरए, सर्वांत जास्त स्ट्राइकआउट, आणि रेकॉर्ड ८-१६, म्हणजे आठ विजय, सोळा पराभव. सात नो-हिटर, ५७१४ स्ट्राइकआउट, आणि मोसमातल्या सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार एकदाही नाही. वॉकचा हिशेब मला मान्य आहे. पण तुम्हीच आखून दिलेल्या मापाने तो उंच ठरतो.

एका मोसमापुरतं म्हणाल तर मी पेड्रो मार्टिनेझला गिब्सनच्या वर ठेवते. हे सेंट लुईसमध्ये मोठ्याने बोलायचं धाडस तुमच्यामुळेच आलं. १९६८ मध्ये सगळ्याच बॅटरांचे हाल होते. अमेरिकन लीगचा अव्वल बॅटर कार्ल यस्त्रेम्स्की अवघ्या .३०१ सरासरीवर, म्हणजे दहा वेळच्या बॅटिंगमागे तीन हिटवर, अव्वल ठरला. पुढच्याच वर्षी माउंड, म्हणजे पिचर उभा राहतो तो उंचवटा, पंधरा इंचांवरून दहा इंचांवर आणावा लागला. पेड्रोने २००० साली १.७४ चा ईआरए काढला, तो मात्र लीगची सरासरी पाचाच्या घरात असताना, धावांचा पूर आलेला असताना, आणि त्या किरकोळ अंगाने. तुम्ही यावर अजून मान हलवत नाही. हलवू नका, मीही मागे हटणार नाही.

कूफॅक्सवर आपलं एकमत आहे. १९६६ मध्ये २७ विजय, १.७३ चा ईआरए, आणि मोसम संपताच निवृत्ती, वय तीस. कोपराचा संधिवात. एकूण विजय १६५ च. पुरस्कार ज्याच्या नावाचा, त्या साय यंगच्या ५११ विजयांशेजारी हा आकडा ठेवून कुणी नाक मुरडलं, तर त्याच्याशी वाद घालण्यातही अर्थ नाही.

मग तुम्ही कॅन्सस सिटीला घेऊन गेलात. चार तास गाडी, वाटेत काकूंच्या हातच्या दशम्या आणि लसणाची चटणी. काळ्या खेळाडूंच्या जुन्या लीगच्या, नीग्रो लीग्ज बेसबॉल म्युझियममध्ये शिरल्यावर आधी जाळीपलीकडे ते मैदान दिसतं. कांस्याचे खेळाडू आपापल्या जागी उभे, माउंडवर पिचर सॅचेल पेज. पण पूर्ण इतिहास चालून गेल्याशिवाय मैदानावर पाय ठेवता येत नाही. शेवटी आम्ही आत पोचलो तेव्हा तुम्ही पेजकडे पाहत होतात आणि म्हणालात, "याचं वय बघ." मेजर लीगमध्ये, म्हणजे सर्वोच्च पातळीवर, त्याला पाऊल टाकू दिलं तेव्हा तो ४२ वर्षांचा होता. १९४८. आल्या आल्या क्लीव्हलंडसाठी सहा विजय, एक पराभव. पुढे १९६५ मध्ये, एकोणसाठाव्या वर्षी, बॉस्टनविरुद्ध तीन इनिंग टाकून एकच हिट दिला. मग त्याची पंचविशी कशी असेल? गोऱ्यांच्या लीगने काळ्यांना दार बंद ठेवलं म्हणून ती मेजर लीगने पाहिलीच नाही. १९७१ मध्ये बेसबॉलमधल्या थोरांच्या हॉल ऑफ फेममध्ये घेतानाही आधी वेगळ्या दालनाची भाषा झाली. लोक भडकले तेव्हा कुठे बरोबरीचा मान मिळाला.

परतीच्या वाटेवर तुम्ही पालवणकर बाळूंचं नाव काढलंत, आणि गाडीतल्या आम्हा मराठी मुलांपैकी निम्म्यांनी ते पहिल्यांदा ऐकलं. पुण्यात साहेबांच्या क्लबात खेळपट्टी सांभाळणारा, नेटमध्ये साहेबांना बोलिंग टाकणारा, चांभार समाजातला डावखुरा फिरकीवाला. चहाच्या वेळी त्याला बाहेर, मातीच्या भांड्यात चहा. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यावर ११४ बळी. आणि हिंदूंच्या संघाचं कप्तानपद? शेवटपर्यंत नाही. ते पुढे त्यांचा भाऊ विठ्ठल यांना मिळालं, १९२३ मध्ये. पेजची कहाणी ऐकून हळहळणाऱ्या आम्हाला तुम्ही आमच्याच अंगणात आणून उभं केलंत, तेही एक शब्द न सुनावता. तुमच्या सगळ्या शिकवणीत मला ही सर्वांत मोठी वाटते.

म्हणूनच २०२४ मध्ये नीग्रो लीगचे आकडे मेजर लीगच्या नोंदींत आले, नीग्रो लीगमधल्या जॉश गिब्सनचं नाव बॅटिंगच्या सरासरीत टाय कॉबच्या वर चढलं आणि काही लोकांनी "त्या लीगमध्ये मॅचच किती होत्या" असा सूर लावला, तेव्हा मला राग आला. मॅच कमी का होत्या, हे विचारल्याशिवाय तो आकडा वाचताच येत नाही.

बॉब गिब्सन गेला तो दिवस आठवतो ना? २ ऑक्टोबर २०२०. तीच तारीख. कार्डिनल्सचाच लू ब्रॉक जाऊन महिनाही झाला नव्हता. तुम्ही फोनवर फार बोलला नाहीत, फक्त म्हणालात की आज पुतळ्यापाशी फूल ठेवून ये. मी गेले होते.

आता तुम्ही पुण्याला मुलाकडे, आणि तिथे मॅच लागते ती पहाटे. काकू सांगतात, तुम्ही तरी उठता. मग एक निकाल द्या. पिट्सबर्गचा पिचर पॉल स्कीन्स, २०२५ मध्ये ईआरए १.९७, रेकॉर्ड १०-१०, आणि साय यंग त्यालाच मिळाला. १९८७ मध्ये मतदारांनी हीच नजर ठेवली असती, तर रायन रिकाम्या हाताने राहिला असता का? उत्तर लेखी हवं. फोनवर तुम्ही पुन्हा हवापाण्यावर याल.

गुडघ्याचे व्यायाम चुकवू नका. काकूंना नमस्कार.

तुमची,
सेंट लुईसची पुतणी