उत्तेजनार्थ

बोलोन्या, इटली,
12 जून

प्रिय वैजू,

सप्रेम नमस्कार.

फेब्रुवारीत आलेले तुझे पत्र मी शब्दकोशात खूण म्हणून घालून ठेवले आहे आणि ते रोज चार वेळा दिसते. तेव्हा तुला विसरले असा आरोप करू नकोस; उत्तर दिले नाही हा आरोप मान्य आहे. प्रकृती ठीक आहे. एप्रिलमध्ये आठवडाभर ताप होता, तो गेला. आज लिहायला बसले त्याचे कारण असे की सोमवारी एक गोष्ट घडली आहे. ती घरी सांगता येत नाही, इथल्या मैत्रिणींना सांगितली तर त्यांना त्यात सांगण्यासारखे काही दिसत नाही, आणि तुला सांगायची तर आधी आपले आठ वर्षांपूर्वीचे भांडण उकरून काढावे लागते.

सोमवारी माझी जुन्या हस्तलिपींच्या वाचनाची परीक्षा होती. इथे बहुतेक परीक्षा तोंडी असतात आणि त्याही उघड्या दाराआड. ज्यांचा क्रमांक नंतर असतो ते मागच्या बाकांवर बसून पुढच्याची फजिती मन लावून ऐकतात. गुण 30 पैकी असतात, उत्तीर्ण व्हायला 18 लागतात, आणि ज्याने अगदी कमाल केली त्याच्या 30 ला ‘ए लोदे’ अशी शाबासकीची शेपटी जोडतात. परीक्षक तिथल्या तिथे आकडा सांगतात आणि विचारतात, घेणार का? आकडा पसंत नसेल तर नको म्हणता येते. मग ते गुण लागत नाहीत आणि पुढच्या तारखेला पुन्हा परीक्षेला बसायचे. गेल्या वर्षी हे पहिल्यांदा कळले तेव्हा मला हसू आले होते. आपल्या बडोद्याच्या खंडेराव मार्केटात भाजीचा भाव ऐकून पुढे जावे तसे गुणांचा भाव ऐकून पुढे जाणारी माणसे पाहायला मिळतील, असे तुला लिहिलेसुद्धा होते. सोमवारी बाईंनी मला 22 सांगितले आणि मी नको म्हणाले.

नुसते एवढेच असते तर पत्र लिहिले नसते. आधी काय झाले ते सांगते. बाईंनी माझ्यापुढे तेराव्या शतकातल्या एका नोंदवहीच्या पानाचे छायाचित्र ठेवले. या शहराने 1265 पासून मोठ्या रकमांचे करार सरकारी वह्यांत उतरवणे सक्तीचे केले होते, आणि पानावर कोरी जागा राहिली तर मागाहून कोणी काही घुसडू नये म्हणून लिहिणारे नोटरी तिथे चक्क कविता लिहून ठेवत. गारिसेन्दा मनोऱ्यावरचे दान्तेचे एक सुनीत 1287 च्या वहीत अशाच प्रकारे शिरलेले आहे. (तुझ्या वकीलसाहेबांना सांग, कोऱ्या जागेवर तिरपी रेघ मारण्यापेक्षा हे बरे.) माझ्या वाट्याला मात्र कविता नव्हती, एका घराच्या विक्रीचा साधा करार होता आणि मी तो बऱ्या वेगाने वाचत होते. मला वाटत होते, मोडीच्या वर्गात आपण दोघींनी ती न तुटणारी शब्दांची माळ, ऱ्हस्व-दीर्घाचा तो पत्ता नसलेला कारभार, हे सगळे पचवले आहे, तेव्हा लॅटिन काय करणार? लॅटिनने जे करायचे ते केले. त्या लिपीत ‘पी’ अक्षराच्या पायातून सरळ आडवी रेघ गेली असेल तर ते ‘पेर’, आणि रेघ डावीकडून वळण घेऊन आली असेल तर ‘प्रो’. मी ‘प्रो’ वाचले. बाईंनी त्या जागी पेन्सिलीचे टोक ठेवले आणि पुन्हा वाचायला सांगितले. मी पुन्हा, अधिक ठणठणीत आवाजात, ‘प्रो’ वाचले. मागच्या बाकावर कोणीतरी श्वास सोडला. तिसऱ्यांदा मी नीट पाहिले तर रेघ फूटपट्टीसारखी सरळ होती.

त्यानंतरचे दोन प्रश्न बरे गेले. मग बाई हसून, खरोखर प्रेमाने, म्हणाल्या, ‘पेर ऊना स्त्रानिएरा, बेनिस्सिमो.’ परदेशी मुलीच्या मानाने फारच छान. वैजू, ज्या ‘पेर’वर मी दोनदा आपटले होते तोच ‘पेर’ त्यांनी माझ्या हातावर ठेवला, आणि या वेळी मला तो पहिल्याच फटक्यात वाचता आला.

आता तुला कळले असेल मी कुठे पोहोचले ते. दांडिया बाजारातला वक्तृत्व स्पर्धेचा तो मांडव, समोर बसलेले पुण्याहून आलेले परीक्षक, आणि त्यांचे ते वाक्य: ‘गुजरातेत राहूनही तुमची मराठी बऱ्यापैकी शुद्ध आहे.’ तू व्यासपीठावर गेलीस, उत्तेजनार्थाचे प्रमाणपत्र हातात घेतलेस, पाहुण्यांना नमस्कार केलास आणि ते त्यांच्याच टेबलावर ठेवून खाली आलीस. मी त्या वेळी तुला काय काय म्हणाले ते मला शब्दशः आठवते आहे, आणि तुला तर आठवत असणारच. ते कौतुकच होते, तुला कौतुक घेता येत नाही, पाहुण्यांचा अपमान केलास, आपल्या घराण्यांना या गावात इतक्या पिढ्या झाल्या तरी तुला अजून पुण्याचा शिक्का कशाला हवा, असे मी सुनावले. हे सगळे मी दुसऱ्या क्रमांकाचा स्टीलचा डबा कुशीत धरून म्हणत होते, ही गोष्ट तू त्या दिवशीही काढली नाहीस. त्यानंतर संक्रांतीपर्यंत आपण बोललो नाही, आणि संक्रांतीलाही बोललो ते तात्यांनी दोघींना एकाच गच्चीवर फिरकी धरायला उभे केले म्हणून.

तो डबा इथे आहे. आईने त्यात गोडा मसाला भरून दिला होता. मसाला संपला, आता त्यात हळद असते. तळाशी ‘वक्तृत्व, द्वितीय’ असे कोरलेले आहे. माझ्याबरोबर राहणारी सार्डिनियाची मुलगी एकदा भांडी घासताना त्याचा अर्थ विचारत होती आणि मी तिला आजीचे नाव आहे असे सांगितले.

सोमवारपासून मी एकच गोष्ट सारखी उलटसुलट करून पाहते आहे. तुझे म्हणणे बरोबर होते हे मला पटायला आठ वर्षे लागली, ते एक असो. पण तू जे परत केलेस त्याने तुझे काही बिघडणार नव्हते. माझे तसे नाही. इथली शिष्यवृत्ती टिकवायची तर पहिल्या वर्षाचे 20 क्रेडिट 10 ऑगस्टच्या आत व्हावे लागतात, नाहीतर दुसरा हप्ता थांबतो. 30 नोव्हेंबरपर्यंतही झाले नाहीत तर आधी घेतलेलेही परत मागतात. माझे दोन परीक्षांचे 12 आणि इटालियन भाषेचे 3, असे 15 झाले आहेत. या परीक्षेचे 6. म्हणजे 22 गुण घेऊन मान खाली घालून बाहेर आले असते तर 21 क्रेडिट होऊन मी आज निर्धास्तपणे मनोऱ्यांखाली आइसक्रीम खात असते. आता 7 जुलैची एकच तारीख उरली आहे. ती चुकली तर बाबांनी काढलेल्या कर्जात आणखी किती भर पडेल, हे मी एका कागदावर मांडले आणि तो कागद फाडून टाकला.

आणि दुसरे असे की 22 खोटे नव्हते. जी मुलगी सरळ रेघेला दोनदा वाकडी म्हणते तिला मी स्वतः 22 दिले नसते. मग मी नाकारले ते काय? गुण, की ते वाक्य? वाक्य नाकारायला परीक्षेच्या नियमात सोय नाही, म्हणून गुण नाकारले, असे मी स्वतःला सांगते, आणि रात्री तीन वाजता ते मुळीच पटत नाही. शिवाय त्या बाई पुण्याच्या पाहुण्यांसारख्या अजिबात नाहीत. मार्चमध्ये मला वाचायला जड जात होते तेव्हा त्यांनी स्वतःची टिपणे काढून दिली होती. मी ‘नो, ग्रात्सिए’ म्हटल्यावर त्या क्षणभर माझ्याकडे पाहत राहिल्या, मग म्हणाल्या, ठीक आहे, जुलैत भेटू, आणि त्यांनी पुढचे नाव पुकारले.

बाहेर पाऊस होता. तो इथे लागत नाही. शहराच्या मध्यभागातच 38 किलोमीटर ओसऱ्या आहेत, घरांच्या पुढे काढलेल्या, खांबांवर उभ्या. 1288 साली नियमच झाला की घर बांधायचे तर पुढे ओसरी ठेवायची आणि तिची उंची घोड्यावरचा स्वार खालून जाईल इतकी असायची. जागा घरमालकाची, वहिवाट सगळ्या गावाची. आपल्या पोळ-गल्लीतल्या ओट्यांसारखेच, फक्त इथे ‘कोणाकडे आलात?’ असे विचारणाऱ्या काकू नाहीत. काका मात्र आहेत. कुठेही रस्ता खणलेला दिसला की पाठीमागे हात बांधून तासन्‌तास बघत उभ्या राहणाऱ्या निवृत्त म्हाताऱ्यांना इथे ‘उमारेल’ असा खास शब्दच आहे, आणि गारिसेन्दा धोकादायक झाल्यामुळे 2023 च्या ऑक्टोबरात तिच्याभोवतीची जागा बंद केल्यापासून त्यांची चंगळ आहे.

तर मी छत्री न उघडता चालत चालत मोठ्या चौकात गेले. तिथे एका जुन्या वाड्याखाली कमानींचा चौफुला आहे. त्याच्या एका कोपऱ्यात भिंतीला तोंड लावून पुटपुटले की समोरच्या तिरप्या कोपऱ्यात जसेच्या तसे ऐकू येते. कोपऱ्यात कोणी नाही असे पाहून मी भिंतीला सांगितले, ‘वैजू, मीपण उत्तेजनार्थ परत केले.’ मागे वळले तर समोरच्या कोपऱ्यात एक उमारेल कानामागे हात धरून उभे होते, आणि ‘कोमे?’, म्हणजे ‘काय म्हणालात?’, असे त्यांनी अतिशय गांभीर्याने विचारले.

रविवारी बाबांचा फोन येईल. परीक्षेची तारीख पुढे गेली असे मी त्यांना सांगून ठेवले आहे, आणि तारखेच्या दृष्टीने पाहिले तर ते खोटेही नाही, अशी वकिली मला तुझ्याच संगतीत जमू लागली. 1913 साली सयाजीरावांनी बाबासाहेबांना शिष्यवृत्ती देऊन अमेरिकेला पाठवले, ही गोष्ट बाबांनी मी निघताना स्टेशनवर पुन्हा एकदा सांगितली होती, तुला आठवते ना? गाडी सुटेपर्यंत सांगत होते. त्या गावची मुलगी शिष्यवृत्ती एका ‘पेर’पायी घालवते, हे त्यांना कोणत्या तोंडाने सांगू? मध्ययुगात या गावात विद्यार्थी मास्तरांना नेमत आणि व्याख्यानाला उशीर केला तर दंड करत. मी सातशे वर्षे उशिरा आले.

तुझ्याबद्दल काहीच विचारले नाही. सनद मिळाल्याचे आईकडून कळले, अभिनंदन. मावशींच्या गुडघ्याचे काय ठरले? आणि तो भरूचचा मुलगा पाहायला येणार होता तो आला की नाही, आला तर सेव-उसळ खाताना त्याने जास्तीची तरी मागितली की नाही, एवढे दोन ओळीत कळव. बाकीचे त्यावरून मी ओळखेन.

7 तारखेपर्यंत मी रोज दहा पाने वाचायची ठरवली आहेत. आज सहा झाली. पाचव्या पानावर एक ‘प्रो’ भेटला आणि तो खरोखरच ‘प्रो’ होता.

एक गोष्ट मी तुला कधी विचारली नाही, कारण तेव्हा भांडत होते आणि नंतर विचारण्याचे तोंड नव्हते. त्या दिवशी प्रमाणपत्र टेबलावर ठेवून तू मांडवातून सरळ सूरसागरकडे गेलीस. मी मागून पाहिले होते. त्यानंतर तू घरी कधी गेलीस, आणि काकांना काय सांगितलेस?

तुझी,
मुक्ता

ता. क. बाबा मार्केटात भेटले तर माझ्या परीक्षेचा विषय काढू नकोस. त्यांनी काढलाच तर भरूचच्या मुलाचा काढ.