चढावर दम तोडणारे ट्रक

महोदय,

उन्हाळ्यात कसारा किंवा बोरघाटात भरलेले ट्रक काळा धूर ओकत रखडतात. मग इंजिनाला डिझेल पुरवणारा पंप खोलण्याची घाई होते. आधी हवेची वाट तपासायला हवी. टर्बोने, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याने, दाबलेली हवा १५० अंशांच्या आसपास तापते. इंटरकूलरने, म्हणजे ही हवा थंड करणाऱ्या रेडिएटरसारख्या जाळीने, ती पुरेशी गार केली नाही, तर दर १० अंशांमागे सुमारे ३ टक्के विरळ होते. मग डिझेलला प्राणवायू अपुरा पडतो.

पहिला संशय केबिनमागच्या उभ्या हवा-नळीवर घ्यावा. केबिन उचलून तिच्या तळाचे रबर दाबून पाहा. घडीत चीर असेल, तर इंजिनाजवळची तापलेली हवाच फिल्टरकडे ओढली जाते, तीही धुळीसकट. एवढेसे रबर, पण बदलतो कोण?

इंटरकूलर आणि रेडिएटरमधल्या फटीत भुसा, किडे अडकतात. इंजिनाच्या बाजूने पुढे, कमी दाबाच्या पाण्याने धुवा; जोरदार फवाऱ्याने पत्र्या वाकतात आणि वारा अडतो. टर्बोची हवा नेणाऱ्या होजच्या (रबरी नळीच्या) क्लिपभोवती तेलकट ओल दिसली की तिथे गळती समजावी. आत हवेचा दाब असताना साबणाचे पाणी लावून पाहिले की बुडबुडे येतात. पुढच्या जाळीवरच्या शोभेच्या पाट्या तर आजच काढा.

— ट्रक दुरुस्ती करणारे कारागीर, नाशिक