फोटोतली पुस्तकं मोजा, साहेब

मा. मंत्री महोदय, उच्च व तंत्र शिक्षण
(ग्रंथालयं याच खात्यात येतात, आठवण म्हणून लिहिलं.)

सविनय नमस्कार.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ‘ड’ वर्ग, म्हणजे सगळ्यात खालच्या वर्गातल्या, वाचनालयाचा मी ग्रंथपाल. मागच्या आठवड्यात तपासणीला आलेल्या साहेबांनी शेरा मारला: ‘मासिक ग्रंथप्रदर्शन असमाधानकारक. तेच ते ग्रंथ.’

खरंय. तुमच्या यादीतल्या दिनविशेषाला टेबलावर ग्रंथ मांडायचे आणि फोटो लिंकवर टाकायचा, हे ते प्रदर्शन. ३ जानेवारीला सावित्रीबाईंच्या फोटोखाली जी चार पुस्तकं, तीच ११ एप्रिलला जोतीरावांच्या फोटोखाली. २७ डिसेंबरला पंजाबराव देशमुखांची एकच पुस्तिका. तिचं कव्हर उंदरांनी खाल्लं, म्हणून ती मधोमध उघडून ठेवतो, कोणी वाचता वाचता उठून गेल्यासारखी. टेबल शाळेचं, कापड बायकोच्या जुन्या लुगड्याचं, हार-बॅनरचे पैसे माझे. फोटो पाठवायचा रिचार्जही माझाच.

गेल्या १५ ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिनाच्या भाषणात, पुस्तकखरेदीला वेगळे पैसे देऊ असं स्टेजवरून सांगितलं गेलं. पहिली टाळी माझी होती. पुस्तकं सोडा, अनुदानाचा हप्तासुद्धा आला नाही. माझ्या हाती महिन्याला पडतात दोन हजार, तेही पडले तर. पोरीला पाहायला आलेल्या पाहुण्यांनी विचारलं, “बाप काय करते?” ग्रंथपाल आहे म्हटलं. “ते त समजलं, पण करते काय?” स्थळ गेलं. १२ ऑगस्टला, ग्रंथपाल दिनाला, रंगनाथनांच्या फोटोला हार घालताना हेच आठवत होतं.

आणि १० सप्टेंबर! आत्महत्या प्रतिबंध दिन. पोस्टर लावलं. पेपरात कापसाचा भाव पाहायला येणारे एक कास्तकार बराच वेळ त्याच्यापुढं उभे राहिले. मग म्हणाले, “गुरुजी, याच्यात भाव कुठी लिहिला हाये?”

७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग झाला. पंचावन्न हजार कोटी लागले म्हणतात, शून्यं मी मोजली नाहीत. आमच्या छपराची आठ टिनं मात्र कोणत्याच बजेटात बसत नाहीत. सरकार कोणाचंही येवो, जीआर येतो, पैसा येत नाही. तुम्हाला वाचक नको, फोटो पाहिजे.

तुमच्या दिनविशेषांच्या यादीत १९ मार्च नाही. १९८६ साली त्या दिवशी आमच्याच जिल्ह्यातल्या चिलगव्हाणच्या शेतकऱ्यानं बायको आणि चार लेकरांसह जीव दिला. येत्या १९ मार्चला मी टेबल मांडणार आहे. पुस्तक एकही नाही, नुसतं लुगडं. त्याचा फोटो कोणत्या लिंकवर टाकायचा, तेवढं कळवा.

आपला,
एक ‘असमाधानकारक’ ग्रंथपाल